ओलं राहू दे

८ जानेवारी

छोटे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकून देशील, म्हणून वरचा पत्ता मावशीकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर वाच. फोन तू बंद करून ठेवलास, नवा नंबर मावशीला दिलास आणि तिला तो मला न देण्याची शपथ घातलीस. मावशीसारखी बाई शपथ पाळेल असं कुणाला वाटलं असतं? पाळतेय मात्र.

आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसवलाय, काळजीचं काही नाही.

कशी पडली ते ऐक. मी कामावर निघताना फरशी पुसून निघाले होते. मी गेल्यावर तिने ती परत पुसली, कारण मी पुसलेली फरशी तिच्या लेखी पुसलेली नसतेच. मग त्याच ओल्या फरशीवरून घसरली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. शेजारच्या शिंपीणकाकूंनी आवाज ऐकला म्हणून बरं.

ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं. तू गेलीस तेव्हा मी तिथे नुसती सफाईला होते, आता वॉर्डाची सुपरवायझर आहे. हाताखाली चार बायका आणि एक लंबू. लंबू म्हणजे सहा फुटांचा माणूस, खाटेखाली पुसायला वाकला की परत उभा राहीपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो. आईला माझ्या वॉर्डात ठेवू नका म्हणून मी मेट्रनबाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "अहो, उलट बरंच की, घरचं माणूस जवळ." त्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही.

तीन वर्षं झाली, छोटे. पाहुण्यांसमोर आईने चिऊची दुधाची बाटली तुझ्या हातातून काढून घेतली, परत धुतली आणि म्हणाली, "हिला नवरा सांभाळता आला नाही, मूल काय सांभाळणार." ते वाक्य मी विसरलेले नाही, आणि तू विसरावंस असंही म्हणत नाही. पण खुब्याच्या हाडाला हे सगळं कळत नाही. बाई सत्तरीला आली आहे. ये.

ताई

१४ जानेवारी

छोटे,

उत्तर नाही. ठीक आहे, पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला घरातूनच सवय आहे.

आईला परवा घरी सोडणार होते, पण टाक्यांतून थोडं पाणी येतंय म्हणून थांबवलं. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येते, वॉकर धरून तिला खोलीत फिरवते. आई चालते चांगली. जीभ तर त्याहून चांगली चालते.

खोलीत दोघी आहेत. दुसऱ्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीणबाई. साखरेमुळे पायाची जखम भरत नाही, महिना झाला इथेच आहेत. आईने पहिल्याच दिवशी त्यांना माझी सगळी कुंडली सांगितली. आता मी खोलीत शिरले की त्या विचारतात, "काय हो, लहानपणी ताट न धुता पलंगाखाली लपवायचा म्हणे?" तो प्रताप तुझा होता, छोटे. आईने तुझे गुन्हेही माझ्या नावावर चढवलेत.

आमचं काम तुला बाहेरून झाडू-पोछा वाटत असेल. तसं नाही. खाटेचा कठडा, जेवणाचं टेबल, बेलचं बटण, नळाची चावी, दाराची मूठ, जिथे जिथे दहा हात लागतात तिथे आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा आणि मग औषध लावायचं. आणि लावलं की हात मागे घ्यायचा. दहा मिनिटं ते तसंच ओलं राहिलं पाहिजे. ओलं असतं तोवरच ते जंतू मारतं. लगेच कोरडं केलं तर नुसता वास उरतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, ओलं राहू दे.

आता हे आपल्या आईला सांगून बघ.

"हे असं चिंब करून जातात? यावर ताट ठेवायचं का?"

"थोड्या वेळाने ठेव. आपोआप वाळेल."

"वाळेल आणि डाग राहतील. तुझ्या घरात डाग चालतात, म्हणून सगळ्यांना चालतात असं नाही."

"आई, ते घर तुझंच आहे."

"तेच म्हणतेय मी."

पण मी एकदा आवाज चढवल्यावर ऐकते आता. कुरकुर करते, पण ऐकते.

आणि वॉर्ड माझा चोख आहे, हे तुला मुद्दाम सांगते. आमच्याकडे जंतुसंसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या एक सिस्टर आहेत. त्या कुणालाही न सांगता कठड्यावर, टेबलाखाली वगैरे एका पारदर्शक जेलचे ठिपके लावून जातात. नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी जांभळ्या उजेडाची बॅटरी मारून बघतात. ठिपका चमकला, तर तिथे फडकं फिरलंच नाही. काल आईच्या खोलीत त्यांनी बॅटरी मारली. एकही चमकला नाही! सिस्टर म्हणाल्या, "सुपरवायझरबाई, इतकं तर ऑपरेशन थिएटरातही पुसत नाहीत." मी दिवसभर हवेत होते.

कुणाला तरी सांगायचं होतं. तुलाच सांगते, तू उत्तर देत नाहीस हे एक बरं आहे.

ताई

१९ जानेवारी

छोटे,

आले जमिनीवर.

सिस्टरांनी ठिपक्यांवर समाधान मानलं नाही. कापसाची काडी फिरवून टेबलाचे, कठड्यांचे नमुने तपासायला पाठवले. रिपोर्ट आला. आईच्या खोलीत दोन्ही टेबलांवर आणि दोन्ही कठड्यांवर जंतू, तेही औषधाला दाद न देणारे, जे मास्तरीणबाईंच्या जखमेत आहेत तेच. बाकी वॉर्ड स्वच्छ. म्हणजे फडकं फिरतंय आणि जंतूही मजेत आहेत. असं होतंच कसं?

होतं एकाच कारणाने. कुणीतरी औषध लावून लगेच कोरडं करतंय. नव्या माणसांना ही खोड असते, चकचकीत दिसावं म्हणून. त्या खोलीचं काम लंबूकडे. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

"ताई, मी ओलं ठेवूनच जातो. आईची शपथ."

"मग वाळवतं कोण? भूत?"

"मी काय सांगू ताई. परत येऊन बघतो तर लखलखीत असतं. मला वाटायचं, पंख्याने."

पंख्याने म्हणे! मी औषध तपासलं, पाण्याचं प्रमाण तपासलं, बादल्या बदलल्या, फडकी नवी काढली. त्याच्या मागे दारात उभी राहिले, तर पठ्ठ्या अगदी शिकवल्यासारखं करतो. मेट्रनबाईंनी मला बोलावून दाराची कडी लावून घेतली. काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

आणि अशा दिवशी घरी आले तर दारात तुझं कार्ड. तीन वर्षांनी तुझं अक्षर. मी चप्पल न काढता वाचलं. "आईला काही झालं तर कळव." बस्स.

झालंय की गं! हाड मोडलंय! आणखी काय व्हायला हवं म्हणजे तुझ्या हिशोबात "काही" होतं? तू आणि ती एकाच मातीच्या. ती सरळ बोलत नाही आणि तू सरळ येत नाहीस, आणि मधल्या मधे मी दोघींचा टपालवाला. पगार नाही, रजा नाही.

कार्ड मी आईला दाखवलं. तिने उलटं करून मागची बाजू बघितली, की तिथे आणखी काही आहे का. मग म्हणाली, "कोपरा मळलाय." आणि परत दिलं.

ताई

२३ जानेवारी

छोटे,

भूत सापडलं.

काल माझ्या किल्ल्या आईच्या खोलीत राहिल्या म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले. लंबू नुकताच पुसून गेला होता. खोलीत शिरते तर आपल्या मातोश्री वॉकर धरून मास्तरीणबाईंच्या टेबलापाशी उभ्या, आणि हातात फडकं. जुन्या उशीच्या अभ्र्याचं, चार पदरी घडी घातलेलं, कडा दुमडून शिवलेल्या. सुईदोरा कुठून आणला देव जाणे. टेबल घासून कोरडं करणं चाललंय. मग त्यांचा कठडा. मग डुलत डुलत स्वतःचं टेबल, स्वतःचा कठडा, बेल. सगळं त्याच एका फडक्याने. मास्तरीणबाई कौतुकाने बघतायत, "किती हो तुम्हाला नेटकेपणा."

म्हणून एकही ठिपका राहत नव्हता. आणि म्हणून जंतू जिवंत राहत होते. ती औषध पुसून काढत होती आणि एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेऊन ठेवत होती. मी अख्खा वॉर्ड पालथा घातला, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसती ओरडले असते. पण ती खाटेवर बसली, मांडीवरचं कापड बाजूला केलं आणि पट्टीच्या कडेने जे पाणी येत होतं ते त्याच फडक्याने टिपलं.

मी किंचाळले. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं. तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं, म्हटलं, "काय करतेस तू? काय करतेस? तुला दहादा सांगितलं होतं!"

ती घाबरली, छोटे. आई मला घाबरली, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "तू सुपरवायझर ना. येणारे-जाणारे बघतात. ओलं गचगचीत टेबल बघून लोक तुला नावं ठेवतील. तुझ्या माणसांना जमत नाही, म्हणून मी आपलं निस्तरत होते."

माझी लाज राखायला निघाली होती बाई.

मेट्रनबाईंना जाऊन सगळं सांगितलं. लंबूची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण झापलं सगळ्यांसमोर होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. माझी आई पण मी घासलेली भांडी परत घासते." त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला हसायला आलं, आणि मग दुसरंच काहीतरी यायला लागलं म्हणून मी औषधाच्या खोलीत जाऊन बाटल्या लावत बसले.

टाक्यांची जागा लाल झाली आहे. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवलाय. पहिल्या पत्रात काळजीचं काही नाही असं लिहिलं होतं. आता तसं लिहीत नाही.

ताई

२७ जानेवारी

छोटे,

तू म्हणालीस काही झालं तर कळव. कळवते.

तेच जंतू निघाले. ताप आहे. आईला एकटीच्या खोलीत हलवलं, दाराला मोठी काच आहे. आत जायचं तर गाऊन, हातमोजे. शुक्रवारी टाके उघडून आतलं सगळं धुऊन काढणार आहेत. जंतू धातूच्या सांध्यापर्यंत पोचले असतील तर सांधाही काढावा लागेल. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सरळ सांगितलं, वय आहे, हृदय फार दमदार नाही, दुसऱ्यांदा भूल द्यायची आहे. टेबलावरून परत येईलच असं ते लिहून देऊ शकत नाहीत. चांगले डॉक्टर आहेत, खोटं बोलत नाहीत. मला त्या दिवसापुरते वाईट डॉक्टर चालले असते.

मला भीती वाटते. हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही, कारण इथे मी सुपरवायझर आहे.

तिच्या खोलीची सफाई मीच करते. मेट्रनबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला द्या. मी नाही म्हटलं. आज कठड्याला औषध लावत होते तर आई त्या ओल्या कठड्याकडे बघत होती. हात चादरीखाली घेतले तिने. कोरडं कर म्हणाली नाही, डाग पडतील म्हणाली नाही. मी मुद्दाम टेबलाचा एक कोपरा सोडला. तो तिला दिसला, मला माहीत आहे. मी शेवटी चिडून म्हटलं, "बोल ना, राहिला म्हणून." तर म्हणाली, "तुला कळतं त्यातलं."

आयुष्यभर हे ऐकायला मरत होते मी. आणि आता ऐकलं तर तो कोपराही औषधाने ओला करून मी घाईने बाहेर आले.

तुझं नाव ती काढत नाही. पण दारावर कुणाची सावली पडली की मान उचलते, आणि मी आहे असं दिसलं की परत टेकते. रोज. मी तिची औषधं बघते, भांडं बघते, ताप बघते, आणि ती माझ्यामागे दुसरं कुणी आहे का बघते. मला राग येतो. दोघींचा. पण तिचा राग करायला ती समोर आहे, तुझा कुठे करू?

ताई

२९ जानेवारी

छोटे,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, वेळ नाही. मावशी उद्या पहाटे तुझ्याकडे निघते आहे, तिच्या हातात देते. तू वाचेपर्यंत तिला दारातून हलू नको म्हणून सांगितलंय, आणि आता तिला शपथ मी घातली आहे.

काल आईने कागद आणि पेन्सिल मागितली. दिली. आज दुपारी मी गेले तर कागद दोन्ही बाजूंनी भरलेला. म्हणाली, "छोटीला पाठव."

आता आमचा नियम असा, की त्या खोलीतून जे बाहेर येतं ते औषधाने पुसता आलं पाहिजे. पुसता येत नाही ते तिथेच राहतं आणि नंतर पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं. कागद पुसता येत नाही. मी नियम समजावून सांगितला. मला वाटलं, आता महाभारत होणार. पण ती म्हणाली, "बाहेर जा. मी काचेला लावते, तू उतरव."

फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून बाहेरून फोटो काढून बघितला, काचेत माझंच तोंड आणि मागचा दिवा, पेन्सिल फिकट. तर बाहेर स्टूल घेऊन बसले. ती खाटेच्या कडेला बसून दोन्ही हातांनी कागद काचेला धरून होती, खाट दारापाशी सरकवून घेतली होती. ओळी हलत होत्या. जसं आहे तसं लिहिते. कंसातलं माझं आहे.

"छोटीस,

परवा मला परत आत नेणार आहेत. ताईने तुला काय काय कळवलंय माहीत नाही. ती वाढवून सांगते. (नाही सांगत.) मी तिच्या वॉर्डात गोंधळ घातला, तिला बोलणी बसली. लंबू नावाच्या माणसालाही बसली. त्याचं नाव खरं काय आहे ते ताईला विचारून त्याला माझ्यातर्फे काहीतरी सांग. (विचारलं. खरं नाव त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही म्हणाला.)

ती बाटली स्वच्छ होती. मी धुवायला घेतली तेव्हाही मला दिसत होतं की स्वच्छ आहे.

तुझी मुलगी कितीही रडत असली तरी तू उचललीस की गप्प व्हायची. लगेच. मी बघायची. तुम्हा दोघींना घेऊन मी रात्र रात्र येरझाऱ्या घातल्या, पण गप्प व्हायचात त्या बाबांच्या खांद्यावर. माझ्याकडे नाही. दोघीही नाही. मग मला वाटायचं, निदान यांचं सगळं स्वच्छ तरी ठेवू. तेवढं जमायचं मला."

(इथे मी थांबले. आईने आतून काचेवर टिचकी मारली, की लिही. मग तिने कागद उलटा केला.)

"तुला जमलं आणि मला जमलं नव्हतं, ते मला बघवलं नाही. म्हणून पाहुण्यांपुढे तसं बोलले. तू मूल चांगलं सांभाळतेस. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं, आता लिहून काय उपयोग, पण लिहिते. नवऱ्याला सोडलंस तेही बरोबर केलंस. ताई हे वाचत असेल. तिला वाटेल, मला कधी असं काही लिहिलं नाही. तिला सांग की ती समोर असते, समोरच्या माणसाला लिहायचं कसं.

पेन्सिल संपत आली.

आई"

एवढंच आहे. ये असं तिने कुठेही लिहिलेलं नाही, मी दोन्ही बाजू परत बघितल्या. ते तिच्याच्याने व्हायचं नाही. उतरवून झाल्यावर तिने खुणेने विचारलं, सगळं लिहिलंस? मी मान हलवली. मग खुणेने विचारलं, अक्षर नीट काढलंस ना? बाई जाईल तिथे माझ्या डोक्यावर मिरे वाटेल.

तेव्हा ये असं मी लिहिते. शुक्रवारी सकाळी दहाच्या आधी नेतील. गुरुवारी, हे वाचशील त्याच संध्याकाळची गाडी पकड. चिऊला मावशी सांभाळेल, लहान मुलांना आत सोडत नाहीत. अंगठी, बांगड्या काढून ठेव, केस घट्ट बांध. दारात मी उभी असेन. गाऊनच्या मागच्या नाड्या एकटीला बांधता येत नाहीत, त्या मी बांधीन. आत गेल्यावर तू काही बोलली नाहीस तरी चालेल, ती बोलली नाही तरी तू मनावर घेऊ नकोस. दार उघडल्यावर तिने मान उचलली की ती परत टेकायच्या आत दिसशील अशी उभी राहा, एवढंच.

ताई